लाख शाबूत, वजन जास्त

मी रुमाल बोलतोय. नाक पुसायचा नव्हे. खिशातली ती पोरंसोरं वेगळी. मी दप्तराचा रुमाल. तांबडा, जाडाभरडा, अंगानं ऐसपैस. कचेरीतले कागद ज्यात बांधून फळीवर ठेवतात आणि मग निवांत विसरून जातात, तो मी. शाळेत गेलेलो नाही. पण जुने कागद पोटाशी धरून पुष्कळ दिवस बसलोय, म्हणजे अर्धा शिकलेला म्हणायला हरकत नाही. अक्षर ओळखत नाही, शाई मात्र वासावरून ओळखतो. आणि माणूस गाठ कशी मारतो त्यावरून त्याच्या घरात कुणाचं चालतं, तेही सांगतो.

माझा जन्म कोल्हापुरात, गैबी रंगाऱ्याच्या परसात. सूत कुणी कातलं, माग कुणाचा, मला ठाऊक नाही. आपल्या जन्माआधीच्या गोष्टी छाती ठोकून सांगणारी माणसं मी फार पाहिली, त्यांच्यात मला बसायचं नाही. माझे डोळे उघडले ते गैबीच्या कढईत. त्याची बायको नजीरा मला काठीनं खालीवर करत होती आणि नवऱ्याला दम देत होती.

"रंग पक्का बसू द्या. कचेरीचं कापड हाय. रंग सुटला तर कागदं तांबडी हुतील, आन मग सायब तुमास्नी तांबडं करंल."

"मी आदीच तांबडा हाय," गैबी म्हणाला. खरंच होतं. त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे रंगलेले. कुणाच्याही लग्नाला गेला की पाव्हणे विचारायचे, नवरा हाच का, मेंदी एवढी वर कशाला लावली.

पहिली नोकरी एका कचेरीत लागली. दोघा भावांच्या बांधाच्या भांडणाचे कागद माझ्यात बांधले. भाऊ म्हातारे झाले, एकमेकांच्या घरी जेवू लागले, भांडण मात्र माझ्या पोटात तरणंताठं राहिलं. दुपारी कारकून मला उशाला घ्यायचा. झोपेत तो बायकोचं नाव घ्यायचा नाही, वरच्या साहेबाचं घ्यायचा. गरीब बिचारा.

तिथून मी त्र्यंबकराव वकिलांच्या घरी आलो. त्यांनी ते कागद बघायला म्हणून नेले. कागद परत गेले आणि मला परत द्यायचं राहून गेलं. हेच दुसऱ्या कुणी केलं तर त्याला वेगळा शब्द आहे. वकिलानं केलं की राहून गेलं म्हणतात.

त्र्यंबकराव देवमाणूस, पण बोलणं फार. मीठ मागायचं तरी तीन कारणं देऊन मागायचे. तिसरं कारण येईतो त्यांच्या पत्नी पद्मजाबाई मीठ वाढून आमटीकडं वळलेल्या असायच्या. त्यांची जमीन बेळगावच्या बाजूला, इंग्रजी मुलखात. राहणं इथं, महाराजांच्या कोल्हापुरात. मुंबई इलाख्याचं नवं कौन्सिल निघालं तेव्हा ते जमीन होती त्या भागातून उभे राहिले आणि निवडून आले. गल्लीनं हार घातले. गैबीनं फेटा रंगवून दिला. त्याचा रंग पहिल्या घामाला सुटला आणि नवे सभासद दोन दिवस गुलाबी कपाळानं फिरले.

त्या दिवसापासून घरात एक नवा शब्द राहायला आला. प्रिव्हिलेज. म्हणजे असं, की कौन्सिलात सभासद जे बोलेल त्यासाठी त्याला कुठल्याही कोर्टात खेचता येत नाही. त्र्यंबकराव हे जेवताना सांगायचे, न्हाव्यापुढं मान वाकवून सांगायचे, दूधवाल्यालाही सांगायचे.

पद्मजाबाई एकदा म्हणाल्या, "तिथं बोलायला एवढी मोकळीक मिळालीय, तर घरी थोडं कमी बोललात तरी भागेल."

"अगं, हा हसण्याचा विषय नाही. हा लोकांचा हक्क आहे. मी नुसतं तोंड आहे त्यांचं."

"तोंड आहात हे मला ठाऊक आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

आणि मग तानाबाई आली. चंदगडच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. ते तेव्हा इंग्रजी मुलखात. पायी, गाडीनं, पुन्हा पायी अशी ती आली आणि ओसरीच्या कडेला बसली. वर बसा म्हटलं तर म्हणाली, "पाय चिखलाचं हायत. तुमची फरशी हसंल मला."

तिचं गाऱ्हाणं साधं होतं. जंगलखात्याचा एक अंमलदार फिरतीवर आला की गावातली माणसं वेठीला धरायचा. तंबू, खाटा, पेट्या, न्हायचा पत्र्याचा टब, सगळं डोक्यावर घेऊन घाट चढायचा. मजुरी नाही. ऐन रोपलावणीतसुद्धा नाही म्हणायची सोय नाही. तिच्या नवऱ्याचा, कृष्णातचा, टबाखाली खांदा निखळला होता.

"तवापास्नं नांगूर मीच धरतीया," ती म्हणाली. "हितं महाराजांनी वेठ बंद केली म्हणत्यात. आमी डोंगराच्या त्या अंगाला जल्मलो, ह्यो आमचा गुन्हा हाय व्हय?"

तिनं कमरेचा कागद काढला. वस्तीनं सांगून लिहवून घेतलेला, आणि खाली साऱ्या वस्तीचे अंगठे, प्रत्येक अंगठ्यापुढं नाव.

"एक सांगती, वकीलसाब. ही नावं त्या मानसाला कळली तर आमची गुरं रानात चरायची न्हाईत. लाकूड बंद, पाला बंद. मग आमी गाव सोडायचं का जीव?"

त्र्यंबकराव कधी नव्हे ते थोडक्यात बोलले. "तुमचं नाव माझ्याकडून कुणालाही कळणार नाही. शब्द देतो."

त्यांनी आणखी पाच-सहा गावांची गाऱ्हाणी गोळा केली, जुने हुकूम उतरून घेतले, आणि कौन्सिलात विचारायच्या प्रश्नाची तयारी म्हणून सगळं माझ्यात बांधलं. तानाबाईचा कागद मधोमध. प्रश्न कौन्सिलाकडं रीतसर धाडला आणि मला बैठकीच्या मेजावर ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

पद्मजाबाई म्हणाल्या, "प्रश्न गेला म्हणजे तिकडं कळलंच. हे गाठोडं माझ्या पिठाच्या डब्यात ठेवा."

"सभासदाचे कागद पिठात? उद्या कौन्सिलाची अब्रू चाळणीनं काढायची का? ह्या कागदांना हात लावायची कुणाची छाती नाही. प्रिव्हिलेज आहे."

मला विचारलं असतं तर मी पिठाच्या बाजूनं मत दिलं असतं. रुमालाला कोण विचारतो.

आषाढात फौजदार आले. सयाजीराव त्यांचं नाव. इंग्रजी मुलखातले, पण इथं झडती घ्यायची तर वर विचारावं लागतं, तसं विचारून, परवानगी घेऊन आलेले. उंच, भारदस्त, बुटांत पाणी भरलेलं. चालले की बूट बेडकासारखे बोलायचे. मागं दोन शिपाई.

"वकीलसाब, रयतेला चिथावल्याची चौकशी हाय. त्या प्रश्नाचे कागद न्यायचा हुकूम हाय."

त्र्यंबकराव उठून उभे राहिले. "फौजदारसाहेब, मी कौन्सिलाचा सभासद आहे. हे कागद कौन्सिलाच्या कामाचे आहेत. ह्यांना हात लावणं म्हणजे कौन्सिलाच्या तोंडावर हात ठेवणं."

"कौन्सिलात तुमी बोलाल, त्याला आमी हात लावत न्हाय. पर कागद काय बोलत न्हाईत, साहेब. आन हे कौन्सिल बी न्हाय. ही तुमची बैठक."

त्र्यंबकराव सरकून माझ्या आणि फौजदारांच्या मधे उभे राहिले. पद्मजाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

झडतीला गल्लीतले दोन पंच लागतात. एक गैबी आला. दुसरा आकाराम, गुळाच्या बाजारातला तोलणारा. आकारामचा सारा जन्म तराजूपुढं गेलेला. घरी नातू झाला तेव्हा त्यानं आधी तोलला आणि मग नाव काय ठेवायचं ते विचारलं. सासऱ्याला भेटला तरी वरखाली बघून मनात शेर धरायचा.

गैबीनं मला बघितलं. "आरं, ह्यो आमच्या घरचा. नजीराच्या हातचा रंग. बगा, इतक्या वर्सांत सुटला न्हाय." एवढ्या गंभीर वेळी त्याला माझा रंग दिसला. मला भरून आलं.

फौजदारांनी माझी गाठ धरली. रीत अशी, की एकेक कागद काढायचा, पंचांना वाचून दाखवायचा आणि यादी करायची. दारात अर्धी गल्ली जमली होती. त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. तानाबाईचं नाव, कृष्णातचं नाव, साऱ्या वस्तीची नावं आता मोठ्यानं वाचली जाणार आणि यादीत चढणार.

फौजदारांनी गाठीत बोट घातलं, तोच आकाराम म्हणाला, "सोडताय कशाला?"

"यादी करायची."

"किती कागद हायत?"

"दोन-तीनशे असतील."

"आन समदी मोडीत?" आकाराम दारातल्या पावसाकडं बघत म्हणाला. "म्हंजी रातीपत्तूर वाचणार. आमी हुबंच. फौजदारसाब, गुळाची ढेप फोडून बगता व्हय? पंच कशाला अस्तो, तर मागनं कुनी काय काडलं न्हाय, काय घातलं न्हाय, एवड्यापायी. मग तोला, शिक्का मारा आन मोकळं व्हा. वजन जुळलं की माल जुळला."

"कागद तोलत्यात व्हय कुटं?"

"आमच्या बाजारात समदं तोलत्यात."

गल्लीला हे पटलं. गल्लीला जे पटतं त्यापुढं कायदा जरा मागं सरून बसतो. फौजदारांना मोडी अडखळत यायची, पुढं लांबचा पल्ला होता आणि बुटांत तळं साचलेलं. त्यांनी त्र्यंबकरावांकडं पाहिलं.

"माझी हरकत कायम ठेवून," त्र्यंबकराव घाईनं म्हणाले, "तोलण्याला माझी संमती आहे. मात्र लाखेवर माझाही शिक्का पाहिजे. आणि उघडायचं ते मॅजिस्ट्रेटसमोर, माझ्या आणि पंचांच्या देखत."

"मंजूर," फौजदार म्हणाले. "शब्द हाय माझा."

आकारामनं घरून तराजू आणला. झोपाळ्याच्या कडीला तो टांगला आणि मी पारड्यात चढलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला एवढं लक्ष देऊन बघितलं. साडेतीन शेर. तसं लिहिलं: एक तांबडा रुमाल, आतील कागदांसह, वजन साडेतीन शेर. गैबीनं गाठी आवळल्या, वितळलेली लाख चारी बाजूंना ओतली. चटका बसला, पण कुणापुढं ओरडायचं.

मला उचलून नेताना पद्मजाबाईंचं बोलणं कानावर आलं. "अहो, लाख गरम सुरीनं उठते. मी स्वतः पाकिटं तशी उघडलीत."

"कुणाची पाकिटं?"

"तुमची. पण आता ती बाई काय करील, ते सांगा."

त्र्यंबकराव भिजत माझ्यामागं दारापर्यंत आले. एकही कारण दिलं नाही.

मी डोंगराकडच्या एका लहानशा कचेरीत पोचलो. कोठीत फळीवर जागा मिळाली. तिथला पाऊस म्हणजे काय सांगावं. काड्यापेटीतली काडी पेटत नव्हती. दाराच्या चौकटीला भूछत्रं उगवली होती आणि शिपायाची टोपी खुंटीवर हिरवी झाली होती. मी सुताचा, जाडाभरडा. मी प्यायला लागलो. हवेतलं पाणी, भिंतीतलं पाणी, वरून टपकणारं पाणी, मिळेल ते प्यालो आणि पोटातल्या कागदांनाही पाजलं. कागद फुगले, मी तट्ट झालो. मुद्दाम प्यालो. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आषाढात चंदगडच्या बाजूला कोरडं राहून दाखवावं.

एके दिवशी तिथला कारकून फौजदारांना म्हणाला, "वरनं पुन्ना इचारलंय. नावं कळवा म्हणत्यात. सुरी तापवून आणू? लाख उठतीया, परत बसतीया. कुनाला कळनार न्हाय."

सयाजीरावांनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा लाखेवरून फिरला. मी होत्या तेवढ्या गाठी आवळून धरल्या.

"पंचांफुडं शब्द दिलाय."

"पंच कोन, तर एक रंगारी आन एक गूळ तोलनारा."

"म्हणूनच की. मोठ्या मानसाला दिला असता तर फिरवला असता." आणि मला परत फळीवर ठेवलं, तेही अलगद. ह्या माणसावर माझा जीव जडला तो त्या दिवशी. बूट अजून वाजत होते, पण आता मला ते गोड वाटले.

श्रावणात मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं आम्ही उभे राहिलो. गोरा, उंच, सर्दीनं बेजार झालेला माणूस. त्र्यंबकराव आले ते दोन्ही हातांवर इंग्रजी बुकं घेऊन. गैबी आला. आकाराम आला तो स्वतःचा तराजू आणि वजनं बैलगाडीत घालून. दुसऱ्याच्या तराजूवर तो पाणीसुद्धा प्याला नसता.

त्र्यंबकरावांनी बोलायला सुरुवात केली. सभासदाचा हक्क, कौन्सिलाची अब्रू, विलायतेत काय झालं, सगळं. साहेब नाक पुसत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचा प्रश्न फार मोठा आहे. मी त्यावर निकाल दिला तर मुंबईपासून दिल्लीपर्यंत मला पत्रं येतील. आधी गाठोडं बघू."

"आदी तोलू," आकाराम म्हणाला.

तोललं. आकारामनं एकदा पाहिलं, पारडी बदलून पुन्हा पाहिलं. "पावनेचार शेर. पावशेर वर."

साहेबानं लाख तपासली. चारी बाजूंनी शाबूत. शिक्के तेच. वजन जास्त.

"वल आली असंल, साहेब," फौजदार म्हणाले.

त्र्यंबकरावांनी बुकं खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मिस्कील चमक दिसली. "असेल. मग सरकारी कोठी गळते, असं फौजदारसाहेबांनी लिहून द्यावं."

ते लिहिण्याची सोय नव्हती. कोठी कोरडी असल्याचा दाखला पावसाआधी त्यांच्याच सहीनं वर गेला होता.

"ते नको असेल तर गाठोड्यात पावशेरभर कागद मागाहून शिरले, असं लिहावं. मग आत जे सापडेल त्यातलं माझं कुठलं आणि शिरलेलं कुठलं, तेही ठरवावं लागेल."

हेही फौजदारांना लिहिता येईना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फुगून बसलो होतो, काय बोलणार.

साहेब एकदा शिंकला. मग आकारामला म्हणाला, "तुमच्या बाजारात असं झालं तर काय करता?"

"माल धन्याला परत, साहेब. जुळलं न्हाय तर घ्यायचाच न्हाय."

साहेबानं तसंच लिहिलं. जप्तीचं वजन जुळत नाही, सबब गाठोडं न उघडता मालकास परत. फौजदारांनी मला स्वतः उचलून त्र्यंबकरावांच्या हातात दिलं. हळूच म्हणाले, "सुटलो बगा, वकीलसाब. तुमीबी आन मीबी."

त्र्यंबकराव मात्र परतीच्या वाटेवर गाडीत कुरकुरत होते. "निकाल प्रिव्हिलेजवर मिळायला हवा होता. इतकी तयारी केली होती. पावशेरावर जिंकलो, हे कुणाला सांगू?"

गैबी म्हणाला, "आमाला सांगा की. आमी हाय न्हवं घरापत्तूर." आणि खरंच, घरापर्यंत ते सांगत राहिले.

तानाबाई पुन्हा आली तेव्हा माझी लाख तिच्यासमोर फोडली. तिचा कागद मधोमध, ओलसर, पण अंगठे जागच्या जागी. त्र्यंबकरावांनी घडलं ते सगळं सांगितलं, आकारामच्या तराजूपासून साहेबाच्या शिंकेपर्यंत. ती आधी ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"म्हंजी तितं ऱ्हाऊन आमच्या अंगठ्यांचं वजन पावशेरानं वाडलं म्हना की."

"हा कागद आता तुमचा," त्र्यंबकराव म्हणाले. "कौन्सिल आता पुण्यात भरतंय. तिथं नेऊ की नको, तुम्ही सांगायचं. मी एकदा मेजावर ठेवायची चूक केलीय."

तिनं एकेका अंगठ्यावरून बोट फिरवलं. "आमचं सांगनं तेवडं उतरून न्या. नावं मी घरला नेती." आणि मग पद्मजाबाईंकडं वळून म्हणाली, "बाई, हे कापड गावंल का?"

त्र्यंबकरावांना मला चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं होतं, कौन्सिलाच्या लढाईची आठवण म्हणून. त्यांनी पहिलं कारण द्यायला तोंड उघडलं. तोवर पद्मजाबाईंनी मला झटकून, घडी घालून तानाबाईच्या हातात दिलंसुद्धा.

पुण्याचं मला ऐकून ठाऊक. त्र्यंबकरावांनी प्रश्न विचारला. सरकारच्या बाजूचा एक मोठा माणूस उठला आणि म्हणाला, तक्रार करणाऱ्यांची नावं सांगा. त्र्यंबकराव म्हणाले, नावं मला ठाऊक आहेत आणि मी ती सांगणार नाही. मी त्यांचा सभासद आहे, तुमचा खबऱ्या नाही. तिथं त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. पुढं मजुरी देण्याचा हुकूम निघाला. काही अंमलदार देतात, काही अजून खिसे चाचपत उभे राहतात.

अंगठ्यांचा कागद तानाबाईनं चुलीत घातला आणि त्या जाळावर नाचण्याची आंबील शिजवली. कृष्णातला वाढताना म्हणाली, "दमानं प्या. साऱ्या गावाची सही हाय ह्यात."

आणि मी? मला तिनं पिळून, गोल वळून चुंबळ केलं. आता मी तिच्या डोक्यावर असतो, माझ्यावर पाटी, पाटीत तिच्या रानातला तांदूळ. बाजारच्या दिवशी आम्ही दोघं घाट उतरतो. मधूनमधून एखाद्या साहेबाची पेटीही माझ्यावर चढते, पण तानाबाई आधी हात पुढं करते, पैसे मोजून पदराला बांधते आणि मगच खाली वाकते. फळीवर जगलो असतो तर अजून शंभर वर्षं टिकलो असतो. इथं झिजतोय. झिजताना बाईच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येतो, वाटेवरच्या गप्पा ऐकू येतात, आणि फळीवरचं ते भावांचं भांडण अजिबात आठवत नाही.

बरंय, फार बोललो. वकिलाच्या घरी राहिल्याचा परिणाम. उतार निसरडा आहे, बाईच्या डोक्यावर भार आहे आणि तिला मान वळवता येत नाही. समोरून येताय ते पावणं, जरा वाट द्या.